सचित्र बालचरित्रांतील ‘कर्ता’ : आंबेडकर-चरित्राच्या अध्यापनाचा एक भाषिक विचार

१

चरित्र हा वाङ्मयप्रकार मराठीत प्रौढांसाठी ज्या साक्षेपाने हाताळला गेला, त्या साक्षेपाने तो मुलांसाठी हाताळला गेला आहे काय, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतो. मुलांची चरित्रे ही शिक्षणशास्त्राची बाब, असे मानून वाङ्मयाचा अभ्यासक ती बाजूला ठेवतो. आणि शिक्षणशास्त्राचा अभ्यासक त्यांतील आशय तेवढा पाहतो, भाषा पाहत नाही. परिणामी, लाखो मुलांच्या मनात थोर पुरुषांची व त्यांच्या लढ्यांची पहिली प्रतिमा ज्या वाक्यांनी आणि चित्रांनी घडते, ती वाक्ये व ती चित्रे अतपासलेली राहतात. नागरी हक्कांसाठी झगडलेल्या नेत्यांच्या सचित्र चरित्रांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महाग पडणारी आहे. कारण अशा चरित्राचा विषय एका व्यक्तीचा उत्कर्ष एवढाच नसतो. कोणी कोणाला काय नाकारले आणि ते कोणी कसे मिळवले, हा त्याचा गाभा असतो. म्हणजेच ‘कोणी?’ हा प्रश्न येथे केंद्रस्थानी येतो. आणि व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर तो कर्त्याचा प्रश्न आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाला स्थानिक अर्थही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. परंतु त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ कुटुंबासह दापोलीस राहिले. रमाबाईंचे वणंद हे गाव दापोलीजवळच आहे. दापोली हे महार-चांभार समाजांतील लष्करी पेन्शनरांचे एक मोठे ठिकाण होते, आणि गोपाळबाबा वलंगकरांनी विटाळाच्या कल्पनेविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी लेखणी उचलली तिचे कार्यक्षेत्रही हेच. पुढे ज्यांचे आंबेडकर-चरित्र इंग्रजीत १९५४ साली व मराठीत १९६६ साली प्रसिद्ध झाले आणि अनेक छोट्या चरित्रांना ज्याने सामग्री पुरविली, ते धनंजय कीर रत्नागिरीचेच. तेव्हा मंडणगड-दापोलीच्या एखाद्या शाळेत सहावी-सातवीच्या वर्गापुढे शिक्षक जेव्हा आंबेडकरांचे सचित्र चरित्र उघडतो, तेव्हा तो दूरच्या कोणाची गोष्ट सांगत नसतो. वर्गातील काही मुलांच्या आजा-पणज्यांनी ती गोष्ट सोसलेली असते, आणि काहींच्या आजा-पणज्यांनी ती घडविलेली असते. दोन्ही प्रकारची मुले एकाच बाकावर बसलेली असतात. अशा वर्गात वाक्याचा कर्ता गाळणे किंवा ठेवणे हा केवळ शैलीचा प्रश्न उरत नाही.

२

सचित्र आंबेडकर-चरित्रांत दोन पुस्तके दोन वेगळ्या परंपरांची प्रातिनिधिक म्हणता येतील. पहिले अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ या मालेतील ‘बाबासाहेब आंबेडकर’ (१९७९), संहिता एस. एस. रेगे यांची, चित्रे दिलीप कदम यांची. दुसरे ‘भीमायन’ (२०११). चित्रे दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची, इंग्रजी संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची. या दोहोंच्या भोवती मराठीतील असंख्य छोट्या पुस्तिका आहेत. जयंतीच्या सुमारास त्या शाळांच्या वाचनालयांत येतात, वक्तृत्वस्पर्धेसाठी पाठ केल्या जातात आणि पुढच्या एप्रिलपर्यंत कपाटात राहतात.

‘अमर चित्र कथा’चा साचा परिचित आहे. चौकोनी चौकटी, चौकटीच्या माथ्यावर निवेदन, पात्रांच्या तोंडी फुग्यांतील संवाद, आणि जन्मापासून कीर्तीपर्यंत सरळ रेषेत जाणारा काळ. ज्या साच्यात राम, कर्ण आणि शिवाजी बसले, त्याच साच्यात आंबेडकर बसविले गेले. याचा लाभ उघड आहे. ज्या मुलाच्या घरी आंबेडकरांचे नावही निघत नसे, त्याच्या हाती ते थोरांच्या पंक्तीत येऊन पडले. हा लाभ कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु साच्याची स्वतःची अशी एक मागणी असते. पुराणपुरुषाच्या कथेत नायक एक असतो, बाकीचे साहाय्यक किंवा विरोधक असतात. नागरी हक्कांचा लढा या मागणीत बसविताना त्याचे काय होते, हे पाहणे आवश्यक आहे.

‘भीमायन’ने हा साचाच नाकारला. तेथे चौकोनी चौकटी नाहीत. गोंड परंपरेतील ‘दिगना’ या अलंकरणातून निघालेल्या वळणदार रेषांनी पाने विभागली आहेत. कालक्रमही सरळ नाही. पाणी, निवारा आणि प्रवास या तीन विभागांत आंबेडकरांच्या आयुष्यातील प्रसंग मांडले आहेत, आणि त्यांना आजच्या दोन व्यक्तींच्या संभाषणाची व खैरलांजीसारख्या (२००६) अलीकडच्या घटनांच्या वृत्तांची जोड दिली आहे. चरित्र येथे संपलेल्या काळाची कथा राहत नाही. मुलांच्या हाती हे पुस्तक देताना शिक्षकाला अधिक तयारी करावी लागते, हे खरे. तथापि ते सुलभ नाही, एवढ्यावरून ते मुलांचे नव्हे असे ठरत नाही.

३

छोट्या मराठी पुस्तिकांची भाषा तपासू लागताच काही वाक्यबंध पुनःपुन्हा समोर येतात. ‘त्यांना लहानपणापासून अनेक हालअपेष्टा सोसाव्या लागल्या’. ‘अस्पृश्य म्हणून त्यांना वर्गाबाहेर बसविले जाई’. ‘त्यांच्या स्पर्शाने विटाळ होत असे.’ ही वाक्ये कोणा एका पुस्तकातील अवतरणे नव्हेत. या वळणाची वाक्ये कोणत्याही पुस्तिकेत भेटावीत इतकी ती रुळलेली आहेत. त्यांतील रचना तीन प्रकारची आहे, आणि तिन्हींचा परिणाम एकच आहे.

‘सोसाव्या लागल्या’ या रचनेत जो चतुर्थ्यन्त घटक आहे, तो सोसणाराचा. सोसावयास लावणाराला या वाक्यात जागाच नाही. ‘लागणे’ या क्रियापदाने आलेली सक्ती जणू आकाशातून पडते. ‘बसविले जाई’ या कर्मणि रचनेत कर्ता व्याकरणाच्या दृष्टीने शक्य आहे, पण तो घालण्याचा प्रघात नाही. मात्र ‘विटाळ होत असे’ हे सर्वांत बोलके. पाऊस पडतो, उजाडते, तसा विटाळ होतो. क्रियापद अकर्मक असल्याने ही जणू सृष्टीतील एक घटना ठरते. वस्तुतः विटाळ होत नाही. तो कोणी तरी मानतो. ‘होतो’च्या जागी ‘मानतो’ हे क्रियापद घातले की वाक्य कर्ता मागू लागते, आणि तो द्यावाच लागतो. ‘मास्तर विटाळ मानीत’, ‘गाडीवान विटाळ मानी’, ‘आमच्या घरचे विटाळ मानीत’. एका क्रियापदाच्या बदलाने नैसर्गिक घटना मानवी कृत्य बनते. मानवी कृत्य असेल तरच ते बदलता येते. आणि वलंगकरांपासून आंबेडकरांपर्यंतच्या सर्व लढ्याचा पायाच हा आहे.

शब्दांच्या घडणीतही हाच भेद आढळतो. ‘अस्पृश्य’ हे विध्यर्थी कृदन्त आहे. ‘स्पर्श करण्यास योग्य नव्हे तो’ असा त्याचा अर्थ. अयोग्यता येथे त्या माणसाच्या ठिकाणी बसविली जाते, आणि ती कोणी ठरविली हे शब्द सांगत नाही. ‘बहिष्कृत’ हे कर्मणि भूतकाळवाचक कृदन्त आहे. कोणी तरी, कधी तरी, बहिष्कार घातल्यावाचून कोणी बहिष्कृत होत नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या परिषदेनंतर दोनच आठवड्यांनी, सुरू केलेल्या पाक्षिकाला आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले. भाषेविषयी इतका जागरूक असलेला लेखक मुलांसमोर मांडताना त्याच्याविषयीची भाषा मात्र बेसावध असावी, ही खेदाची गोष्ट होय.

अपमानाच्या वाक्यांतून कर्ता असा नाहीसा होतो. पराक्रमाच्या वाक्यांत मात्र तो ठळकपणे येतो, आणि एकटाच येतो. ‘बाबासाहेबांनी महाडचा सत्याग्रह केला’, ‘बाबासाहेबांनी चवदार तळे खुले केले’. या दोन प्रकारच्या वाक्यांची बेरीज केली असता मुलाच्या मनात जो इतिहास उभा राहतो तो असा : अन्याय कोणीच केला नाही, आणि न्याय एकट्यानेच मिळवून दिला. यापैकी पहिले विधान एका घरच्या मुलाला सुटका देते. दुसरे विधान दुसऱ्या घरच्या मुलाला अभिमान देते. दोघांनाही त्यामुळे बरे वाटते. परंतु दोन्ही विधाने खोटी आहेत.

४

चित्राची स्थिती याहून वेगळी आहे. चित्राला कर्मणि प्रयोग नाही. ‘पाणी दिले जात नसे’ हे वाक्य लिहिता येते. काढता येत नाही. काढावयाचे झाले तर नळावरचा हात काढावा लागतो, तोंड फिरविलेला चेहरा काढावा लागतो, निदान रिकामी ओंजळ काढून समोरच्या माणसाला चौकटीबाहेर ठेवावे लागते. आणि बाहेर ठेवले तरी तो आहे हे मुलाला कळते. सचित्र चरित्राचे अध्यापनातील खरे मूल्य येथे आहे. मजकूर जो कर्ता गाळतो, तो चित्राला पुष्कळदा परत आणावा लागतो. म्हणून वर्गात मजकूर आणि चित्र यांना एकमेकांसमोर उभे करणे हा एक उत्तम पाठ ठरतो. चौकटीच्या माथ्यावरील वाक्यात कोण नाही, आणि खालच्या चित्रात कोण आहे, एवढाच प्रश्न पुरेसा आहे.

तथापि चित्राचाही एक धोका आहे. कर्ता दाखविणे भाग पडल्यावर चित्रकार त्याला पुष्कळदा खलपुरुष बनवितो. वटारलेले डोळे, शेंडी, गंध, उगारलेली काठी. असा माणूस मुलाला कोठेच भेटलेला नसतो. त्यामुळे अन्याय करणारा म्हणजे कोणी तरी राक्षसच, अशी त्याची समजूत होते. मजकुराने अन्यायाला निसर्ग केले. चित्राने त्याला दुष्टपणा केले. रूढी या दोहोंच्या मध्ये असते, आणि ती चालविणारी माणसे बहुधा सभ्य, कर्तव्यदक्ष, घरी प्रेमळ अशीच असतात.

आंबेडकरांनी स्वतः सांगितलेला १९०१ सालचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत तो आला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावी निघालेली मुले नवे कपडे घालून मसूर स्थानकावर उतरतात. वडिलांना पत्र पोहोचलेले नसते, न्यायला कोणी आलेले नसते. स्थानकप्रमुख आपुलकीने चौकशी करतो. पेहराव पाहून मुले वरच्या जातीची असावीत असे त्याला वाटलेले असते. मुलाच्या तोंडून जात निघताच त्याचा चेहरा बदलतो. पुढे दुप्पट भाड्याने बैलगाडी मिळते, तीही मुलांनी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे या अटीवर. शिदोरी असते, पाणी मिळत नाही. आणि रात्र उपाशी काढावी लागते. या प्रसंगात खलपुरुष कोणीच नाही. स्थानकप्रमुख गाडी मिळवून देण्याची खटपट करतो. गाडीवान आपले भाडे घेऊन मुक्कामी पोहोचवितो. आणि तरीही मुले तहानलेली राहतात. हे कसे घडते, ते समजणे म्हणजेच जात समजणे. वटारलेल्या डोळ्यांच्या चित्रातून ते समजणार नाही.

‘भीमायन’ने यावर एक भाषिक तोड काढली आहे. तेथे सौम्य बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत, आणि जातीचे विष असलेल्या बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. दंश चेहऱ्यावर न ठेवता शब्दावर ठेवण्याची ही कल्पना भाषेच्या अभ्यासकाला मोलाची वाटावी अशी आहे. मात्र तिलाही मर्यादा आहे. कोकणात परक्या मुलाला ‘तू कोणाचा? गाव कोणते? आडनाव काय?’ असे विचारणे हा साधा लोकाचार आहे. मसूरच्या स्थानकप्रमुखाचा पहिला प्रश्न असाच होता. त्या प्रश्नाला पक्ष्याचा फुगा द्यावयाचा की नांगीचा? प्रश्न सौम्य आहे, आणि त्याच्या उत्तरावर एका मुलाचे पाणी अवलंबून आहे. भाषेतील दंश पुष्कळदा शब्दात नसतो. तो शब्द ज्या व्यवस्थेत उच्चारला जातो तिच्यात असतो. फुग्यांची आगाऊ विभागणी वाचकाचे हे काम आधीच करून टाकते. शिक्षकाने ते काम मुलांकडे परत द्यावे. कोणत्या बोलण्याला नांगी हवी आणि का, हे वर्गाने ठरवावे.

५

एकट्या नायकाचा प्रश्न महाडच्या चित्रणात सर्वाधिक ठळक होतो. सचित्र चरित्रांना प्रिय असलेले चित्र एकच : तळ्याच्या पायऱ्या, ओंजळीत पाणी, मागे जनसमुदाय. २० मार्च १९२७ चा तो क्षण चित्ररूपाने अमर व्हावा यात गैर काही नाही. प्रश्न त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पानांचा आहे.

आधीची पाने अशी. सार्वजनिक खर्चाने बांधलेल्या किंवा राखलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करू द्यावा, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडला, आणि तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. पण पाण्यापर्यंत कोणी जाऊ शकले नाही. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेची कल्पना उचलून धरली व तिच्यासाठी खटपट केली. अनंतराव चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे स्पृश्य वर्गातील कार्यकर्ते तिच्या उभारणीत होते. म्हणजे तळ्याच्या पायऱ्यांवर जो जमाव उतरला त्याच्या मागे एक कायदेशीर अधिकार, एक कागदावरच राहिलेला ठराव आणि गावोगावच्या माणसांचे संघटन होते.

नंतरची पाने अशी. जमाव वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली, आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. तळ्याचे गोमूत्र-गोमयाने ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असता, आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु न्यायालयाचा मनाईहुकूम आल्यामुळे तळ्यावर पुन्हा जाणे स्थगित ठेवावे लागले. खटला चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १७ मार्च १९३७ रोजी आला. ओंजळ आणि निर्णय यांच्यामध्ये दहा वर्षे गेली. या दहा वर्षांना सचित्र चरित्रांत बहुधा एखादी चौकटही मिळत नाही. कारण खटला काढता येत नाही, आणि वाट पाहणे तर मुळीच नाही. पण नागरी हक्क म्हणजे काय, हे समजावयाचे तर ती दहा वर्षेच समजावी लागतात. ओंजळभर पाणी धैर्याने पिता येते. उद्या दुसऱ्या कोणी, बाबासाहेब शेजारी नसताना, ते पिऊ शकावे यासाठी निर्णय लागतो.

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीशी येथे तुलना करण्यास आधार आहे. खुद्द आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराची (५ डिसेंबर १९५५ ते २० डिसेंबर १९५६) कथा तेथील बालचरित्रांत पुष्कळ काळ अशी सांगितली गेली : रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाई दमल्या होत्या, म्हणून त्या जागेवरून उठल्या नाहीत. या कथेवर हर्बर्ट कोल या शिक्षणतज्ज्ञाने सविस्तर टीका केली. पार्क्स या नागरी हक्कांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. १९५५ च्या उन्हाळ्यात त्यांनी हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत शिक्षण घेतले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने तसाच नकार दिला होता. आणि बहिष्काराची पत्रके रातोरात काढणाऱ्या स्त्रिया आधीपासून संघटित होत्या. हे सर्व गाळल्यावर उरते ती एका दमलेल्या बाईची गोष्ट. महाडच्या ओंजळीचे सचित्र चरित्रांत असेच होते.

याउलट, १९५७ मध्ये निघालेली ‘मार्टिन ल्यूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी’ ही सोळा पानांची चित्रपुस्तिका पाहावी. नावात किंग असले तरी तिचा बराच भाग बहिष्काराची पद्धत शिकविण्यास दिलेला आहे : गट कसा जमवावा, हल्ला झाल्यास स्वतःला कसे आवरावे, गांधींनी हिंदुस्थानात काय केले. चळवळीतील कार्यकर्ते ती वाचीत. त्यांपैकी जॉन लुइस यांनी पुढे स्वतःचे आत्मचरित्र ‘मार्च’ या नावाने तीन चित्रखंडांत (२०१३–२०१६) सहलेखकाच्या व चित्रकाराच्या साहाय्याने सिद्ध केले. कलादृष्ट्या ती पुस्तिका साधीच होती. पण वाचकाने नायकाला वंदन करून थांबू नये, त्याने काही करावे, असे तिला अभिप्रेत होते. सोळा पानांत हे जमते, तेव्हा मुलांच्या पुस्तकात जागा नसते हा युक्तिवाद टिकत नाही.

६

मराठी चरित्रभाषेचा आणखी एक प्रश्न सर्वनामाचा आहे, आणि इंग्रजीत तो उद्भवत नाही. मराठी निवेदकाला ‘तो’ आणि ‘ते’ यांत निवड करावीच लागते. बालचरित्रात भीम शाळेत ‘जातो’, आणि भीमराव विलायतेस ‘जातात’. हा बदल नेमका कोठे होतो, हे मुलांना शोधावयास सांगावे. पुष्कळदा तो पदवीच्या आसपास आढळेल. लहान मुलाला एकेरी म्हणणे हे मराठीत प्रेमाचेच लक्षण आहे. शिवबाही ‘तो’ असतो आणि विठोबाही ‘तो’ असतो. तेव्हा दोष एकेरीचा नव्हे. दोष हा की, पदव्यांच्या पायऱ्यांवर सर्वनाम बदलत गेल्यामुळे आदर हे विद्येचे पारितोषिक आहे, असे व्याकरण नकळत शिकविते. महाडचा दावा याच्या नेमका उलट होता : पाण्यावरचा अधिकार पदवीधराचा नाही, माणसाचा आहे.

एकेरीचा दुसरा, कठोर उपयोगही या चरित्रांत दाखविता आला पाहिजे. पांढऱ्या केसांच्या महार वृद्धाला गावातील वरच्या जातीचा पोरगा ‘अरे’ म्हणे, आणि वृद्ध त्याला ‘जी’ म्हणे. फुग्यांतील संवाद गुळगुळीत प्रमाण मराठीत लिहिण्याच्या हव्यासात हा भेद पुसला जातो. मसूरच्या प्रवासातील एक तपशील तर भाषेचाच आहे. वाटेत टोलनाक्यावर पाणी मिळावे म्हणून मुलांना आपण मुसलमान आहोत असे सांगावे लागते, आणि भीम नाकेदाराशी उर्दूत बोलतो. तरीही पाणी मिळत नाही. दहा वर्षांच्या मुलाने पाण्यासाठी आपली भाषा बदलावी, याहून तीव्र भाषिक प्रसंग बालवाङ्मयात विरळाच. परंतु ज्या पुस्तकात सर्वांचे सर्व बोलणे एकाच सपाट भाषेत छापले जाते, तेथे हा प्रसंग वाचकाला ऐकूच येत नाही. मंडणगडकडची बाणकोटी किंवा संगमेश्वरी घरी बोलून शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलाला तो ताबडतोब समजेल. त्याला ऐकू येईल अशा रीतीने तो छापला मात्र पाहिजे.

याच ठिकाणी एक मूलभूत रूपांतर लक्षात घ्यावे लागते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे प्रथमपुरुषी कथन आहे. ख्यातनाम विधिज्ञ झालेला एक प्रौढ माणूस, अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या वाचकाला समजावे म्हणून, आपल्या आयुष्यातले प्रसंग निवडून साक्ष देतो. तेथे आंबेडकर पुराव्याचे कर्ते आहेत. बालचरित्रात ‘मी’चा ‘तो’ होताच साक्षीदाराचे बळी व्यक्तीत रूपांतर होते. मुलाला आता कोणी सांगत नसते. कोणाविषयी तरी सांगितले जात असते. हा बदल टाळण्याचा उपाय अवघड नाही. हे सारे पुढे आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले, हे एक वाक्य त्या पानावर असले तरी पुरे.

७

शाळेतील नावाचा प्रसंग या सर्व चर्चेचा एक नमुना म्हणून घेता येईल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव पडले. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रातील शाळांत ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. कीरांच्या चरित्रानुसार आंबडवे या गावावरून आलेले आडनाव बदलून एका ब्राह्मण शिक्षकाने आपले ‘आंबेडकर’ हे आडनाव या विद्यार्थ्याला दिले. सचित्र चरित्रांना हा प्रसंग फार आवडतो; प्रेमळ गुरुजींचे चित्र काढता येते. पण ‘-कर’ हा प्रत्यय ग्रामवाचक आहे, आणि त्या नावाच्या तळाशी मंडणगडचे एक गाव आहे, हे त्या चित्रात येत नाही. आडनावाचा कर्ता कोण, शिक्षक की गाव? रत्नागिरीच्या मुलांना, ज्यांच्या निम्म्या वर्गाची आडनावे गावांवरून आली आहेत, हा प्रश्न सोडविण्यात रस वाटेल. गुरुजींचे प्रेम खोटे ठरविण्याची त्यासाठी गरज नाही. ते एकमेव कारण नाही, एवढे दाखविले म्हणजे झाले.

अध्यापनातील सर्वांत नाजूक बाब शेवटी राहते. अपमानाचे चित्र वर्गापुढे उघडताच काही डोळे एका विशिष्ट बाकाकडे वळतात. शिक्षकाने ते वळू दिले, किंवा सहानुभूतीने स्वतःच तिकडे पाहिले, तर पुस्तकातला प्रसंग वर्गात पुन्हा घडतो. या भयाने अनेक शिक्षक तो भाग घाईने उरकतात, आणि मग ‘हालअपेष्टा सोसाव्या लागल्या’ हे वाक्य त्यांच्या मदतीला येते. वास्तविक या अडचणीवरचा उपाय क्रम बदलण्यात आहे. चरित्र जन्मापासून शिकविलेच पाहिजे असे नाही. आरंभ १९२३ च्या ठरावापासून करावा. मग महाड, मग खटला, मग १९३७ चा निर्णय. हक्क मागणारी माणसे आधी यावीत. त्यानंतर, ही माणसे का उठली याचा पुरावा म्हणून, १९०१ ची तहान यावी, आणि ती आंबेडकरांच्या साक्षीच्या रूपात यावी. असे केल्यास त्या बाकावरील मूल प्रथम दावेदारांचा वारस म्हणून वर्गापुढे येते. इतर बाकांवरील मुलांनाही टिपणीस-चित्र्यांच्या रूपाने एक वाट दिसते. पूर्वजांच्या कृत्याचे समर्थन न करता आणि त्याखाली न चिरडता उभे राहता येते, हे त्यांना कळते.

सानेगुरुजी याच जिल्ह्यातील पालगडचे. त्यांच्या बालचरित्रांतही श्याम आणि त्याची आई भरपूर जागा घेतात, आणि पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात केलेले उपोषण आटोपते घेतले जाते. तेव्हा हा दोष एका नेत्याच्या चरित्रापुरता नाही. थोरांना भावनेच्या चौकटीत सुरक्षित ठेवण्याची ती एक सवय आहे.

सारांश, सचित्र बालचरित्र हे वर्गात त्याज्य नाही, आणि जसेच्या तसे ग्राह्यही नाही. त्याच्या प्रत्येक पानाला मराठीच्या तासाला विचारला जाणारा जुनाच प्रश्न विचारावा : या वाक्याचा कर्ता कोण? ज्या वाक्यात तो सापडत नाही, ते वाक्य मुलांनी पुन्हा लिहावे. ‘विटाळ होत असे’च्या जागी ‘विटाळ मानीत’ असे लिहिताना जे मूल ‘कोण मानीत?’ म्हणून क्षणभर थांबेल, त्याच्यापाशी व्याकरण आणि इतिहास हे दोन्ही तास एकाच वेळी पोहोचलेले असतील.